पेटीतली चार पाकिटे

आमच्या शेतातल्या आखाड्यावर एक पत्र्याची पेटी आहे. फवारणी पंपाचे जुने नोझल, सुतळीचे गुंडे, कधीतरीच्या खताच्या पावत्या असे कशाचा कशाशी संबंध नसलेले सामान तिच्यात पडून असते. या उन्हाळ्यात ती आवरताना मला कापसाच्या बियाण्याची चार छोटी पाकिटे सापडली. प्रत्येक पाकीट १२० ग्रॅमचे, एकही फोडलेले नाही. कापूस लावणाऱ्या घरांतील मंडळींनी ती ओळखली असतील. बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याचे हे पाकीट मिळत असे आणि आमच्याकडे त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत.

मी परभणी जिल्ह्यातला. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीत शेती पाहतो. म्हणजे हे पाकीट कशासाठी असते हे फळ्यावर आकृती काढून समजावणारा माणूस आणि ते न फोडता पेटीत टाकणारा माणूस एकच आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

सध्या सिंथेटिक बायोलॉजीविषयी बरेच बोलले जात आहे. जिवाची जनुके वाचायची, संगणकावर हवी तशी रचायची, प्रयोगशाळेत जुळवायची आणि त्या जिवाकडून हवे ते काम करून घ्यायचे, असे हे शास्त्र. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणाऱ्या ‘बायोई३’ धोरणाला मंजुरी दिली. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जनुक-संपादित, म्हणजे मूळच्याच जनुकांत नेमके बदल केलेल्या, भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी ‘पुसा डीएसटी राईस १’ हा वाण दुष्काळ आणि क्षारता सोसण्यासाठी घडवलेला आहे. दुष्काळाचे नाव निघाले की मराठवाड्यातल्या माणसाचे कान टवकारतात, माझेही टवकारले. पण लगेच ही पेटी आठवली. या नव्या शास्त्राच्या जबाबदार वापराविषयी मला जे म्हणायचे आहे, ते या चार पाकिटांतूनच निघते.

बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसाच्या झाडात बसवलेले. त्यामुळे झाडातच अळीला मारणारे प्रथिन तयार होते. अळ्यांच्या लाखोंच्या पसाऱ्यात एखाददुसरी अशी निघतेच की जी त्या प्रथिनालाही पुरून उरते. शेताच्या कडेला साध्या, म्हणजे त्या पाकिटातल्या नॉन-बीटी, कापसाची पाच तासे (ओळी), किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के साधा कापूस असला, तर त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग या चिवट पतंगांशी जुगतात आणि पुढची पिढी बहुतांशी पुन्हा बीटीला बळी पडणारी निपजते. साधा कापूसच नसेल, तर चिवटाला चिवटच जोडीदार मिळतो. एवढे साधे गणित होते.

अण्णांना मी ते सांगितले होते. ते म्हणाले, “पाच तासं बिनकामाच्या सरकीची लावायची आन् तिच्यावर अळी पोसायची, हे कोणत्या शास्त्रात बसतं?” प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. शेजारच्या एकाही रानात ती तासे नव्हती. आम्ही एकट्याने लावली असती, तर तेवढ्या जागेचे उत्पन्न आमचे बुडाले असते आणि फायदा सगळ्या शिवाराचा झाला असता. पाकिटावरची सूचना इतक्या बारीक अक्षरांत होती की अण्णांचा चष्मा तिथे हरला. दुकानदाराने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. लावले की नाही हे पाहायला कोणी आले नाही. मीही पाकिटे पेटीत टाकली आणि पेटीचे झाकण लावले.

बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि ते बियाणे ज्या उद्योगातून आले त्याचे एक मूळ आपल्या जालन्यात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या बाबतीत मराठवाडा मागास आहे असे कोणी म्हणू नये. सुरुवातीची वर्षे खरोखर चांगली गेली. अमेरिकन बोंडअळीसाठी पाठीवर पंप घेऊन दर आठवड्याला रानात उतरावे लागे, ते थांबले, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, ते पंप मी उचललेले आहेत. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीजी-२ आले. त्यानंतर गुलाबी बोंडअळीने आधी गुजरातेत पहिले जनुक पचवले, मग दुसरेही पचवले, आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात तिने जे केले ते आपण सर्वांनी पाहिले. आमच्या रानात त्या वर्षी डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुले) दिसत होत्या, पण बाहेरून बोंड हिरवेगार आणि टणक. फोडले की आत अळी आणि कवडी झालेला कापूस. बायांनी दुसऱ्या वेचणीला यायचे नाकारले, कारण दिवसभर वेचून मजुरी निघेल एवढाही कापूस हाती लागत नव्हता.

दोष एकट्या ‘रेफ्युजी’चा नव्हता, हेही सांगायला हवे. भारतात बीटी कापूस बहुतेक संकरित स्वरूपात आला. संकरित झाडाच्या बोंडातली प्रत्येक सरकी जनुकांच्या दृष्टीने सारखी नसते, काही बियांत विषाचे जनुक असते आणि काहींत नसते. म्हणजे एकाच बोंडात अळीला विष असलेले आणि नसलेले दाणे शेजारी शेजारी मिळतात. त्यात आपल्याकडे पाण्याची थोडी सोय झाली की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक ठेवून जादा कापूस, घ्यायचा मोह होतो, पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी राहते आणि अळीच्या आणखी पिढ्या तिच्यावर पोसल्या जातात.

याच अळीची दुसरी गोष्ट अमेरिकेत घडली. ॲरिझोनामध्ये सुरुवातीची दहा वर्षे रेफ्युजी नेमाने लावले गेले. २००६ पासून तिथे वंध्य केलेले पतंग विमानांतून कोट्यवधींच्या संख्येने सोडले. पऱ्हाटी वेळेवर नष्ट करण्याचे नियम पाळले. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. अळी तीच होती आणि विषाची जनुकेही त्याच घराण्यातली होती. फरक बियाणे विकून झाल्यानंतरच्या कामात होता, आणि ते काम करायला तिथे संशोधक, शेतकरी आणि सरकार एकत्र बांधलेले होते. आपल्याकडे ते काम १२० ग्रॅमच्या पाकिटात भरून शेतकऱ्याच्या हातावर ठेवले गेले. पुढे नॉन-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, म्हणजे आम्ही चुकतो हे मान्य झाले, पण तोवर अळी पुढे निघून गेली होती.

म्हणून कोणी नवे शास्त्र घेऊन आले की ‘हे सुरक्षित आहे का’ एवढे विचारून माझे समाधान होत नाही. विक्रीनंतर दहाव्या वर्षी त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, त्याचा खर्च कोणाच्या खात्यातून जाणार आणि बिघडले तर नुकसान कोण सोसणार, हे मला परवानगीच्या कागदावर लिहिलेले हवे आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने, ज्या जनुक-संपादित पिकांत शेवटी परके जनुक उरत नाही, त्यांना १९८९ च्या नियमांतील काही कलमांतून सूट दिली. या सवलतीला माझा सरसकट विरोध नाही. असे बदल निसर्गातही होतात, हे मी वर्गात शिकवतोच. परंतु तपासणी हलकी केली म्हणून पाळतही हलकी करायची, हे मला पटत नाही. भाताचे बी बाजारात गेल्यावर आठ-दहा वर्षे कोणत्या जिल्ह्यात काय घडते याची नोंद ठेवणे हा बियाण्याचाच भाग मानला पाहिजे.

‘सगळेच बंद करा’ म्हणणाऱ्यांतही मी नाही. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिचे रोजचे इन्सुलिन जिवाणूंकडूनच बनवून घेतलेले असते. असे इन्सुलिन अमेरिकेत १९८२ पासून बाजारात आहे. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन यीस्टच्या मदतीने बनवण्याचे कामही याच शास्त्राने केले. असे जीव पोलादी टाक्यांत काम करतात, बाहेर पडले तर बहुधा तगत नाहीत. त्यांच्याबद्दलचा माझा प्रश्न वेगळाच आहे. या टाक्यांतल्या जिवांना साखर लागते. पेट्रोल, प्लास्टिक, सुगंध, प्रथिने सगळे ‘हरित’ पद्धतीने टाकीत बनवायचे ठरले, तर ती साखर कुठून येणार? ब्राझीलमध्ये अशा उद्योगाने उसाचीच वाट धरली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच जिल्ह्यात उसाचे फडही होते. पर्यावरण वाचवणारे तंत्रज्ञान आमच्या बोअरच्या तळातून साखर ओढणार असेल, तर त्याच्या हिशेबात मांजरा धरणाची पातळीही धरावी लागेल. कारखान्याच्या दारात मोजलेला कार्बन तेवढ्यावर पुरत नाही. पऱ्हाटी, तुरीची तुराटी, सोयाबीनचा भुसा यांतल्या सेल्युलोजपासून स्वस्तात साखर काढता आली, तर आमच्यासाठी ती खरी बातमी ठरेल.

रानात सोडायच्या जिवांचे प्रकरण मात्र मला सर्वांत नाजूक वाटते. अमेरिकेत मक्याच्या मुळांशी नत्र पुरवणारे जनुक-संपादित जिवाणू विकले जात आहेत. युरियाची गोणी कमी लागणार असेल, तर कोणाला नको आहे? आपल्यालाही जिवाणू नवे नाहीत, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळून आपण सोयाबीन पेरतोच. (जूनच्या उकाड्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या त्या पाकिटांत जिवंत किती उरलेले असतात, हा वेगळा विषय आहे.) पण बियाणे पुढच्या वर्षी बदलता येते, मातीत मिसळलेला जिवाणू वेचून परत घेता येत नाही.

परत न घेता येणारी गोष्ट कशी असते हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, कोणत्याही बांधावर उभे राहावे. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५० च्या दशकात झाली आणि आज परभणीत त्याच्याविना पडीक दिसत नाही. ते आवरायला १९८३ च्या सुमारास मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचे भुंगे आणले गेले. सोडल्यानंतर काही वर्षांनी ते सूर्यफुलावरही दिसू लागले आणि शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. पुढे अभ्यासाअंती ते सूर्यफुलाला फारसे घातक नाहीत असे ठरले. तो वाद होऊ शकला, कारण सोडलेल्या किड्याकडे पाहणारे कोणीतरी होते. आज असे पाहणारे किती उरलेत? तालुक्याच्या कृषी कार्यालयात रिकाम्या खुर्च्या मोजल्या की उत्तर मिळते.

अन्नसुरक्षेबद्दल बोलताना हल्ली फक्त उत्पादनाचे बोलतात. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली गेली, तिच्या भाकरीची चव आजी मरेपर्यंत विसरली नाही. पोट भरले, पण बी आपले राहिले नव्हते. २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून लोह-जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी दिली, तीही नेहमीच्या निवड पद्धतीने. ती किती रानांत पोचली हे ज्याने त्याने आपापल्या शिवारात पाहावे. आमच्या शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन उभे आहे, कारण ज्वारीला भाव नाही, काढायला माणूस नाही आणि पाखरे राखायला मुले नाहीत. यातले काहीही जनुकात बदल करून सुटत नाही.

शेवटचा मुद्दा बियाण्याच्या मालकीचा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. एका गावची नोंदवही मी पाहिली, तिच्यात त्या शिवारात कधीही न उगवलेली झाडे सुवाच्य अक्षरांत होती आणि गावची ज्वारी नव्हती. पूर्वी बी चोरायचे तर मूठभर दाणे न्यावे लागत. आता दाण्यातला जनुकक्रम वाचून संगणकावर चढवला, की जगाच्या दुसऱ्या टोकाला ते जनुक नव्याने जुळवता येते, दाणा गावातच राहतो. २०२४ मध्ये कोलंबियातल्या कॅली शहरात झालेल्या जैवविविधता परिषदेत, अशा माहितीतून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी एका निधीत वाटा द्यावा असे ठरले, पण तो ऐच्छिक आहे. आणि वाटा मागायचा तर आधी ते बी कोणाकडचे, हे कुठेतरी लिहिलेले हवे.

म्हणून मे महिन्यात मी चार विद्यार्थी घेऊन आमच्याच भावकीतल्या एका आजींकडे गेलो. त्यांच्याकडे दगडी ज्वारीची कणसे अजून आढ्याला टांगलेली असतात आणि बी राखेत ठेवलेले असते. पोरांनी वही उघडली, पेरणी कधी, काढणी कधी, भाकरी कशी होते, कडबा जनावर किती खाते, सगळे विचारले. आजींनी सांगितलेही मोकळेपणाने. मग एका पोराच्या हातातल्या पेनाकडे बघत त्या मला म्हणाल्या, “लिहून नेलं म्हंजे बी नेलं असं तर नाही ना होत, बापू?”

दहा वर्षांपूर्वी मी हसून “नाही हो आजी” म्हटले असते. त्या दिवशी मी पोरांना वही मिटायला सांगितली आणि आधी ग्रामपंचायतीत जाऊन समितीची बैठक लावून घेतली. बैठक येत्या सोमवारी आहे, आजींनाही बोलावले आहे.