चिपळूणच्या दादांना उत्तर: चिरे, जळकं तेल आणि इंजिन बंद करून बघितलेली डिपस्टिक

दादा, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, 'चिपळूणचा एक गॅरेजवाला' एवढंच लिहिलंय, म्हणून दादा म्हणतो. मागच्या आठवड्यात मी घरच्या घरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी ती आधी जशीच्या तशी देतो:

"तुमच्यासारखे हौशे व्हिडिओ बघून गिअरबॉक्सची वाट लावतात आणि मग आमच्या दारात आणून टाकतात. चिऱ्यावर गाडी टेकवून खाली झोपलात, वर फोटो टाकता? ऑटोमॅटिकची लेव्हल इंजिन बंद करून बघतात का कधी? जळकं तेल कुंपणाच्या खांबांना फासलंत, बाजूला विहीर दिसते आहे. आणि १ लाख ३० हजार किलोमीटर झाल्यावर या तेलाला हात लावायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोकं सणकलं, खोटं कशाला बोलू. रात्री पुन्हा वाचलं. चारातल्या दोन गोष्टींत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, एक मला मान्य नाही, आणि एकीत तुमचं अर्धं खरं. त्याच क्रमाने लिहितो.

चिरे. तुमची प्रतिक्रिया वाचून टॉर्च घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात गेलो आणि गाडीखाली लावलेले ते चार जांभ्याचे चिरे उलटे करून बघितले. एकाचा कोपरा उडालेला. तुकडा तिथेच मातीत पडला होता, आतून ताजा लाल. म्हणजे मी खाली असताना कधीतरी तो सुटला आणि मला पत्ताही लागला नाही. जांभा आपल्याकडे घराला लावतात, गडग्याला लावतात, पण तिथे वजन सगळ्या चिऱ्यावर पसरतं. गाडीच्या सिलची, म्हणजे दाराखालच्या पत्र्याची कड म्हणजे सुरीची धार. सगळा भार बोटभर जागेवर, आणि दगड सच्छिद्र. त्यातून ते चिरे दोन पावसाळे उघड्यावर भिजलेले. 'घरात पडलेले होते म्हणून वापरले' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही. फोटो काढून टाकलाय आणि त्या जागी हा प्रकार लिहिलाय. बायकोला तो कोपरा दाखवला, त्यानंतर घरात काय गजाल झाली ते इथे लिहीत नाही.

जळक्या तेलाचंही तसंच. आमच्या आजोबांपासून चालत आलंय: वाळवी लागू नये म्हणून खांबांना, जुन्या दारांना, गोठ्याच्या वाशांना जळकं ऑइल. डोक्यात कधी प्रश्नच आला नाही. पण २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचरा म्हणूनच धरलंय, आणि त्याहून जवळचं कारण तुम्ही फोटोत बरोबर हेरलंत. आमची विहीर त्या कुंपणापासून पंधरा पावलांवर. जमीन जांभ्याची. जूनमध्ये खळ्यात ओतलेलं पाणी कुठे जातं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन खांब फासून झाले होते, बाकीचे राहिले. ते दोन काढून टाकणार आहे.

आता इंजिन बंद करून लेव्हल. इथे मी मागे हटणार नाही, कारण तुमचा नियम बहुतेक गाड्यांना लागू आहे आणि माझ्या गाडीला नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा भाग) बहुतेक गाड्यांत तेल गरम, इंजिन चालू, लिव्हर 'पी'वर, आणि मग डिपस्टिक, म्हणजे तेलाची लेव्हल बघायची पट्टी. होंडाचा जुना ऑटोमॅटिक वेगळा. माझी २०१० ची सिटी, पाच गिअरची. तिचं पुस्तक सांगतं: रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापवा, सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि साठ ते नव्वद सेकंदांत डिपस्टिक काढा. आधी नाही, नंतर नाही. होंडाने हा बॉक्स आतूनही निराळा बांधलाय. इतरांच्यात ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर असतात, यात मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट. तेव्हा इतर गाडीचा नियम इथे लावून इंजिन चालू ठेवून लेव्हल 'पुरी' केली, तर तेल जास्त पडणार. जास्त तेल फिरत्या गिअरात घुसळून फेसाळतं, फेसात हवा, हवेने तेलाचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. तेल कमी पडलं तरी पंप हवाच ओढतो आणि परिणाम तोच.

पण याच मुद्द्यात तुम्ही न काढलेली एक चूक मी स्वतः काढतो. आमचं खळं सपाट नाही. डोळ्यांना सपाट दिसतं, पण पावसाचं पाणी निघावं म्हणून वडिलांनी विहिरीच्या उलट्या बाजूला उतार ठेवलाय. गवंडी वापरतो ती पाण्याची नळी लावून बघितलं, तर पुढच्या आणि मागच्या चाकात चार बोटांचा फरक. म्हणजे माझी डिपस्टिक खोटं बोलत होती. वाचलो ते एकाच गोष्टीमुळे: निघालेलं तेल मी मोजलं होतं. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या कापून भरून बघितलं, २ लिटर ४०० मिली निघालं, तेवढंच मोजून घातलं. नंतर देवगडला पेट्रोल पंपाच्या सपाट काँक्रीटवर पुन्हा डिपस्टिक काढली, दोन खुणांच्या मध्ये आली. मूळ लेखात पाना, बोल्ट, वॉशर यांवर मी परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले आणि मोजण्यावर एक ओळ. उलटं व्हायला हवं होतं. बोल्ट तर कोणीही खोलेल. त्याच्या डोक्यात चौकोनी खाच आहे, तीन अष्टमांशचं रॅचेट थेट बसतं, वॉशर दर वेळी नवा, आवळायचा ४९ न्यूटन मीटरला. संपलं.

उरला तुमचा शेवटचा मुद्दा, १ लाख ३० हजारचा. गिअरबॉक्सच्या तेलाची धास्ती मला आधी कुठून लागली ते सांगतो, म्हणजे माझा आग्रह कळेल.

२२ जुलै २०२१. तुम्ही चिपळूणचे, तुम्हाला मी काय सांगणार, पुरात वाशिष्ठी नदी कुठवर चढली होती ते. माझ्या मावसभावाची गाडी त्या दिवशी तिथे होती, ऑटोमॅटिक, सीटपर्यंत पाण्यात. एका गॅरेजमध्ये इंजिन साफ झालं, वायरिंग सुकवलं, आतला गाळ काढला, गाडी चालू झाली. सगळ्यांना आनंद. गिअरबॉक्सकडे कोणी बघितलं नाही. तीन आठवड्यांनी कुंभार्ली घाटात चढावर इंजिन घोंगावायला लागलं आणि गाडी पुढे जाईना. मी बरोबर होतो. डिपस्टिक ओढली आणि फडक्यावर पुसली. रंग सोलकढीचा. अगदी तसाच, नारळाचं दूध घातलेला, गुलाबी, दाट. चांगलं तेल कोकमाच्या आगळासारखं असतं, लाल आणि आरपार दिसणारं. बॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत शिरलं होतं. क्लचच्या प्लेटांवरचा थर कागदासारख्या तंतूंचा असतो आणि डिंकाने चिकटवलेला. पाण्याने तो सुटतो. तो बॉक्स पुन्हा उभा राहिला नाही.

त्या दिवसापासून कुठलीही ऑटोमॅटिक समोर आली की मी आधी तेल बघतो. माझ्या सिटीचं बघितलं तेव्हा ते काढ्यासारखं तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता आणि गाडी कुठेच घसरत नव्हती. हा फरक महत्त्वाचा, आणि इथेच तुमचं अर्धं खरं आहे. गाडी घसरायला लागली, तेलाला करपलेला वास आला, म्हणजे प्लेटा आधीच गेलेल्या. अशा वेळी माणूस शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतो, महिन्याभरात बॉक्स बसतो आणि दोष नव्या तेलावर येतो. तुमच्या दारात आलेल्या बऱ्याच गाड्या या जातीच्या असणार. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं न बघितलेल्या बॉक्सला मशीन लावून दाबाने फ्लश केलं तर तळाचा गाळ उठतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकतो. ते मीही करणार नाही.

मी केलं ते एवढंच: जेवढं आपोआप गळतं तेवढं काढलं, तेवढंच घातलं. हिशेबासाठी एकूण तेल सहा लिटर धरा. एका वेळी २ लिटर ४०० मिली, म्हणजे ६० टक्के जुनंच राहतं. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा केलं की ३६ टक्के, तिसऱ्यांदा २२ च्या आसपास. बॉक्सला धक्का बसत नाही आणि प्रत्येक वेळी काय निघतंय ते डोळ्यांनी बघता येतं. बोल्टच्या चुंबकावर मिश्रीसारखा काळा, मऊ लगदा होता. बोटांत चोळून बघितला, टोचलं काही नाही. चकाकणारी कुसळं निघाली असती तर बोल्ट परत लावून गाडी तुमच्यासारख्या माणसाकडेच नेली असती.

एका सर्व्हिस सेंटरवर मलाही सांगितलं होतं की हे तेल 'लाइफटाइम' आहे. कोणाचं लाइफ, ते सांगितलं नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ऑटोमॅटिक बॉक्स बनवते आणि तीच आपल्या बॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. आमच्याकडे तर तळेऱ्याहून वैभववाडी, करूळ घाट आणि वर गगनबावडा, तेही मे महिन्यात एसी लावून, चिरे भरलेल्या ट्रकच्या मागे. अशा हळू चढावर टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही. इंजिन आणि बॉक्सच्या फिरण्यात जो फरक पडतो तो सगळा उष्णता होऊन तेलात जातो. तेल करपतं ते तिथे.

आता तुम्ही न विचारलेलं, पण विचारायला हवं होतं असं. माझा लेख वाचून कोणी आपल्या ऑटोमॅटिकखाली शिरला तर? मी 'ऑटोमॅटिक' असा एकच शब्द वापरला. आपल्याकडे त्या शब्दात चार वेगळी जनावरं येतात. एएमटी म्हणजे मॅन्युअल बॉक्सच, क्लच दाबायला यंत्र लावलेलं. त्याला साधं गिअर ऑइल आणि यंत्राचं तेल वेगळं. सीव्हीटी म्हणजे गिअरऐवजी पुल्यांवर फिरणारा पट्टा. तिला तिचंच तेल, तिथे माझं लाल तेल घातलंत तर पट्ट्याची पकड गेली. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा बॉक्स, त्यात कोरड्या क्लचची आणि ओल्या क्लचची भानगड निराळी. आणि नव्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेल ठरावीक तापमानाला आणून एका बोल्टातून सांडेपर्यंत भरायचं, त्यासाठी स्कॅनर हवा. या शेवटच्या तीन घरी करू नका, असं आता लेखात सगळ्यात वर, ठळक लिहिलंय.

तेलाबद्दलही. कणकवलीच्या एका दुकानात मला स्टिअरिंगचं लाल तेल पुढे केलं, 'लाल सगळं सारखंच' म्हणून. लाल हा नुसता रंग आहे, गळती ओळखता यावी म्हणून घातलेला. खरी गोष्ट आतली रसायनं, जी प्लेट किती पकडेल आणि किती सुटेल ते ठरवतात. एके काळी त्या कामाला अमेरिकेत स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० च्या दशकात त्यावर बंदी आली तेव्हा तेल कंपन्यांना बदली शोधावी लागली. आमच्या किनाऱ्यावर व्हेल म्हटलं की उलटीच्या तस्करीच्याच बातम्या, तो प्राणी गिअरबॉक्समध्येही होता हे वाचून मी उडालो होतो. माझ्या गाडीला होंडाचं डीडब्ल्यू-१ तेल लागतं, तेच घातलं.

तेल बदलायचा दुसरा आणि तिसरा हात अजून बाकी आहे. लोखंडी जॅक स्टँड मागवलेत, ते आल्याशिवाय गाडीखाली जात नाही. जागाही बदलतोय, शेजाऱ्यांच्या भाताच्या गिरणीसमोरचा कोबा नळीने मोजून बघितला, तो खरोखर सपाट आहे.

एक काम तुमच्याकडे. तुमच्या गॅरेजचं जळकं तेल नेणारा परवानाधारक माणूस आमच्या देवगड बाजूला येतो का, तेवढं विचारून कळवा. आमच्याकडे विचारलं तर सगळे खांबच दाखवतात. खांब फासून उरलेलं कॅनमध्ये भरून झाकण लावून पडवीत ठेवलंय, दोन लिटरला थोडं कमी आहे.