डाग नसलेला नकाशा

विषय निघाला तो एका वकील संघटनेच्या ठरावावरून. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही, असा ठराव. गुन्हा किळसवाणाच होता, त्यामुळे बंड्याने कटिंग हातात घेताघेताच निकाल देऊन टाकला.

"बरोबर केलं. असल्यांना वकील कशाला? कसाबला दिला होता, वर बिर्याणी!"

"बिर्याणी त्याने मागितलीच नव्हती," मिलिंद म्हणाला. तो ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. "आपणच ती गोष्ट रचली होती, हे त्या खटल्यातल्या सरकारी वकिलांनी, उज्ज्वल निकमांनी, २०१५ मध्ये स्वतः सांगितलंय."

बंड्या जरा वरमला, पण हटेना. "राहू दे बिर्याणी. सीएसटीवर बंदूक घेतलेला त्याचा फोटो अख्ख्या जगाने पाहिला. मग खटला कसला चालवायचा?"

"त्या खटल्यात आरोपी किती होते?"

"एकच की."

"तीन."

खरं सांगतो, मलाही आठवत नव्हतं. बाकीचे दोघे भारतीय. मुंबईचे नकाशे काढून पाठवले, असा त्यांच्यावर आरोप. मोठा पुरावा म्हणजे गिरगाव चौपाटीजवळ मेलेल्या कसाबच्या साथीदाराच्या, अबू इस्माईलच्या, खिशात सापडलेला एक हातानं काढलेला नकाशा. पँट रक्ताने माखलेली आणि आतल्या कागदावर डागसुद्धा नाही! कोर्टाला ते पटलं नाही. ३ मे २०१० ला कसाब दोषी ठरला, हे दोघे सुटले. पुढे हायकोर्टात, सुप्रीम कोर्टातही त्यांची सुटका कायम राहिली.

"वकीलच नसता, तर तो कागद उजेडात धरून बघितला असता कुणी?" मिलिंदने विचारलं.

बंड्या गप्प. जोशीकाका मात्र इतका वेळ पेपरात डोकं घालून बसले होते, ते बोलले, "आणि ज्यांची माणसं गेली, त्यांचा वकील कोण रे?"

"सरकारी वकील, काका."

"तो सरकारचा."

यावर मिलिंदकडेही उत्तर नव्हतं. त्याने गाडी पुन्हा ठरावावर आणली. असे ठराव बेकायदा आहेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय म्हणे.

"मग तूच घे ना ते वकीलपत्र," बंड्या म्हणाला.

मिलिंद ग्लासातल्या चहाकडे बघत राहिला. २००९ मध्ये कसाबसाठी नेमलेल्या अंजली वाघमारेंच्या घरावर जमाव चालून गेला होता, ते त्यालाही आठवत असणार.

"आधी आईला विचारावं लागेल," तो म्हणाला.