कोबेचे नाव सांगून मुलाची शाळा सोडवू नका

सांगली-मिरजेतील खेळाडू मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘कोबे ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स कॉलेजात न जाताच एनबीएत (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) पोचले. तेव्हा मुलाला आठवीनंतर शाळेतून काढून अकादमीत घाला, आणि १९ व्या वर्षापर्यंत नाव झाले नाही तर बास्केटबॉल सोडायला लावा.’ यातील पहिले वाक्य तेवढे खरे आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

मुळात या दोघांनीही बारावीपर्यंतची शाळा पूर्ण केली आणि शाळेच्याच संघातून खेळत ते एनबीएच्या निवडीपर्यंत (संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या ‘ड्राफ्ट’पर्यंत) आले. तो थेट मार्गही आता बंद आहे. २००६ च्या निवडीपासून किमान १९ वर्षे वयाची अट लागू झाली असून अमेरिकन मुलांना शाळा संपल्यावर आणखी एक वर्ष थांबावे लागते.

शाळेतून थेट गेलेले सगळेच चमकले, हेही खरे नाही. १९९८ मध्ये डेट्रॉइट संघाने निवडलेला कॉर्लिऑन यंग एनबीएत केवळ ३ सामने खेळला. आपल्या सतनाम सिंगने चौदाव्या वर्षी पंजाब सोडून फ्लोरिडातील अकादमी गाठली, २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले, तरीही एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

सर्वांत घातक आहे ती १९ व्या वर्षाची मुदत. खुद्द कोबेला पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी साडेपंधरा मिनिटेच खेळायला मिळाली आणि त्याची गुणांची सरासरी ७.६ होती. जर्मेन ओनील शाळेतून थेट पोर्टलंडला गेला, अनुभवी खेळाडूंच्या मागे चार हंगाम बहुतांश बाकावर बसला, २००० मध्ये इंडियानाकडे गेल्यावर त्याला भरपूर खेळायला मिळाले आणि पुढे सहा वेळा तो ऑल-स्टार संघात (लीगमधील निवडक अव्वल खेळाडूंच्या संघात) निवडला गेला. पोर्टलंडमध्ये असतानाच त्याला कोणी खेळ सोडायला लावला असता, तर त्याच्यात काय होते हे कधीच कळले नसते. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार दोन वर्षे पक्का आणि पुढील दोन वर्षे संघाच्या इच्छेने वाढणारा असतो. म्हणजे कोट्यवधी डॉलर मोजणारे संघही चार वर्षांचा हिशेब धरतात. उंच मुलांना तर वाढत्या शरीरावर ताबा मिळवायलाच काही वर्षे लागतात.

या वादात स्मृती मानधनाचे नाव हमखास निघते. ती अकराव्या वर्षी राज्याच्या १९ वर्षांखालील संघात निवडली गेली हे खरे, पण सरावासाठी तिला घर आणि सांगली सोडावी लागली नव्हती.

शेवटी पोटापाण्याचा प्रश्न राहतो. आपल्याकडे बास्केटबॉलपटूला स्थैर्य मिळते ते प्रामुख्याने रेल्वे, सेनादले, पोलीस अशा नोकऱ्यांतून. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठीही पदानुसार शैक्षणिक पात्रता लागते, आणि आठवीत शाळा सोडलेल्या मुलाचा अर्ज तिथेच अडतो.