डम्बलडोरचं मोडलेलं नाक

गेल्या रविवारी धाकट्या भावाशी फोनवर भांडण झालं, तेही डम्बलडोरवरून. भाऊ तिकडे एका वाचनकट्ट्यावर जातो. तिथे हॅरी पॉटरवर चर्चा झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं म्हणे: हॅरीच्या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर ढोंगी. अठराव्या वर्षी ग्रिंडेलवाल्डसारख्या काळ्या जादूगाराशी मैत्री केली, मगल्सवर, म्हणजे जादू न येणाऱ्या माणसांवर, राज्य करायचे बेत आखले, त्या नादात बहीण जिवानिशी गेली. असा माणूस गुरू कसला?

मला हे ऐकवत नाही. वाल्याचा वाल्मीकी झालेला ज्यांना लहानपणापासून ठाऊक, त्यांनाच गुरू मात्र धुतल्या तांदळासारखा लागतो. इकडे ब्रिस्टलमध्ये २०२० साली कोल्स्टनचा पुतळा लोकांनी ओढून पाडला आणि बंदरात लोटला. आता तो एम शेड या संग्रहालयात आडवा ठेवलाय, अंगावरचा रंग तसाच. शाळांना पैसे देणारा आणि गुलामांचा व्यापार करणारा माणूस एकच होता, हे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला तिथे उभं राहून कळलं. भावाला हे सांगितलं, तर म्हणतो, "दादा, पण पाडलाच ना शेवटी?"

पाडला. तरीही मी मागे हटणार नाही. वाल्या वारुळातून बाहेर येतो तो नवा माणूस होऊन, मागचा हिशेब मिटवून. डम्बलडोरच्या नशिबी वारूळ नाही. १८९९च्या उन्हाळ्यातले ते दोन महिने तो जवळजवळ शंभर वर्षं उरावर वागवतो. मंत्रिपद पुन्हा पुन्हा चालून येतं, तो नाकारतो, कारण सत्तेचा मोह आपल्याला कुठे नेतो हे त्याने पाहिलेलं असतं. ग्रिंडेलवाल्डसमोर उभं राहायला १९४५ उजाडतं. तो, त्याचा धाकटा भाऊ आणि ग्रिंडेलवाल्ड या तिघांच्या झटापटीत बहीण अरियाना नेमकी कुणाच्या मंत्राने मेली, हे ग्रिंडेलवाल्डला माहीत असेल, याची त्याला धास्ती असते. आणि म्हातारपणी मेलेल्यांना परत बोलावणारा अंगठीतला खडा दिसताच, तिच्यावर शाप असणार हे विसरून तो ती बोटात घालतो. कशासाठी? आईवडिलांची आणि बहिणीची माफी मागायला. हात जळून काळा पडतो. याला ढोंग म्हणायचं?

मग मी नाकाचं काढलं. १९९७च्या पहिल्याच पुस्तकात त्याचं नाक दोनदा मोडल्यासारखं वाकडं आहे. ते धाकट्या भावाने, अ‍ॅबरफोर्थने, अरियानाच्या अंत्यविधीत मोडलं, हे कळायला २००७चं सातवं पुस्तक यावं लागतं. जिथे मोडलेलं हाड जादूने क्षणात जुळतं, त्या जगात या माणसाने नाक सरळ करून घेतलं नाही. मला तर हे त्याच्या सगळ्या शहाणपणाहून मोठं वाटतं.

"आणि ज्याने मोडलं त्याचं काय?" भावाने विचारलं.

अ‍ॅबरफोर्थ शाळा सोडून बहिणीपाशी राहायला तयार होता. थोरल्याने ऐकलं नाही. ती जेवायची नाही तेव्हा अ‍ॅबरफोर्थच्याच हातून जेवायची, बिथरली तर त्यालाच शांत करता यायची. थोरला आपल्या खोलीत पुस्तकांत आणि बक्षिसांत. आई गेल्यावर घरी परतावं लागलं याचा राग आला होता, असं तो स्वतःच शेवटी हॅरीला सांगतो. ते पान मी इतक्यांदा वाचलंय की पुस्तक आपोआप तिथे उघडतं.

कारण निदान डम्बलडोर परत तरी गेला. आईला झटका आला तेव्हा मी दोन आठवड्यांची रजा काढून गेलो आणि पंधराव्या दिवशी इकडे कामावर हजर होतो. चार वर्षं झाली त्याला. पैसे पाठवतो, डॉक्टरांशी मीच बोलतो, औषधांच्या वेळा मला भावापेक्षा चोख पाठ आहेत. आणि रविवारी त्याला सांगतो की माणसाला माफ करायला शिक.

हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा त्याने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. एका हाताने आईची मान सावरून दुसऱ्या हाताने तो तिला चमच्याने भरवत होता. नर्सने भरवलं तर ती तोंड मिटून घेते. माझ्याशी वाद घालतानाही त्याचं लक्ष चमच्यावर होतं, घास गिळला की मगच पुढचं वाक्य. त्याच्या प्रश्नावर मी काहीच बोललो नाही. त्याने तिची हनुवटी पुसली.

"दादा, तिला झोप आलीय," तो म्हणाला. "ठेवतो."