‘गिअरबॉक्समध्ये थोडं ब्रेक ऑइल टाका’ म्हणे!

एका गुरुवारी बाबांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. कऱ्हाडच्या घरचा ओटा, लोणच्याची बरणी आणि बरणीला टेकवून ठेवलेली अर्ध्या लिटरची ब्रेक ऑइलची बाटली. खाली लिहिलेलं : ‘आणली. रविवारी शेजारचा पोरगा टाकून देतो म्हणालाय.’

टाकणार कुठं, तर गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये. मी ऑफिसातून तशीच उठून जिन्यात गेले आणि फोन लावला.

आधी थोडं मागचं सांगते. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना क्लच दाबणं जमेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी २०१२ सालची एक ऑटोमॅटिक गाडी सेकंडहँड घेतली. दोन महिन्यांपासून ती त्रास देऊ लागली. रिव्हर्स टाकला की तीन-चार सेकंद नुसती गुरगुरायची आणि मग धाडकन मागं जायची. एकदा तर मलकापूरहून येताना तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसली, खाली नाही की वर नाही. गावातल्या एका गॅरेजनं स्कॅनर लावला आणि सांगितलं, ‘गिअरबॉक्स गेला. नवीन १,६५,००० रुपये.’ गाडीची किंमत फार तर अडीच लाख. बाबा हबकले, आणि नेमका त्याच रात्री त्यांच्या फोनवर तो मेसेज आला. सात मुद्दे, वर लाल दिव्यांची रांग, शेवटी ‘एका नामांकित कंपनीतल्या निवृत्त इंजिनिअरचा अनुभव, प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचवा’.

थोडक्यात तो असा : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त होतच नाही. त्यातलं ऑइल आयुष्यभराचं असतं, बदललं तर गिअरबॉक्स जातो. गळत असेल किंवा गिअर घसरत असेल तर शंभर मिली ब्रेक ऑइल टाका. घाटात न्यूट्रल करा म्हणजे गिअरबॉक्सला आराम. बंद पडली तर एन (न्यूट्रल) मध्ये टाकून दोरीनं टोचन करा. इन्शुरन्सवाल्याला ‘खालून दगड लागला’ सांगा. आणि खर्च गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर गेला तर सरळ भंगारात द्या, पंधरा वर्षांनी सरकार नेणारच आहे.

ब्रेक ऑइलपासूनच सुरू करते, कारण बाटली ओट्यावर आलेली होती.

हा उपाय जुना आहे, आणि तो इतकी वर्षं टिकलाय याचं कारण पहिले काही दिवस तो लागू पडल्यासारखा वाटतो. गिअरबॉक्समधली रबरी सीलं वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतात, आकसतात, तिथून दाब निसटतो आणि गिअर घसरतो. ब्रेक ऑइलमुळे ती सीलं फुगतात. फुगली की फट बुजते, गाडी ओढायला लागते, आणि ज्यानं सल्ला दिला तो गल्लीत ज्ञानी ठरतो. पण रबर फुगणं म्हणजे रबर सुधारणं नव्हे. फुगलेलं सील मऊ पडतं आणि मग फाटतं. ब्रेकच्या यंत्रणेतलं रबर वेगळ्या जातीचं असतं, ते ब्रेक ऑइल सोसायलाच बनवलेलं असतं. गिअरबॉक्समधलं तसं नसतं.

याहून वाईट पुढं आहे. नावात ऑइल असलं तरी आपण वापरतो ते डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल तेल नव्हेच, ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे. गिअरबॉक्सच्या तेलात ते नीट मिसळत नाही आणि हवेतलं पाणी मात्र ओढून घेतं. गिअरबॉक्सच्या आत क्लचच्या पातळ चकत्या असतात, त्यांवर कागदासारखं घर्षणाचं अस्तर डिंकानं चिकटवलेलं असतं. ग्लायकॉल आणि पाणी या डिंकाचे वैरी आहेत. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्सच्या तेलात शिरलं की काय होतं ते कुठल्याही जुन्या ऑटोमॅटिकच्या मिस्त्रीला विचारा. तेलाचा स्ट्रॉबेरी मिल्कशेक होतो, अस्तर सुटून चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या तबकात, पडतं, आणि मग खरोखरच सगळं उघडावं लागतं. कूलंटमध्येही ग्लायकॉलच असतं. जो अपघात होऊ नये म्हणून लोक रेडिएटर तपासून घेतात, तोच हा निवृत्त इंजिनिअर बाटलीनं मोजून करायला सांगतोय.

बाबांचं म्हणणं, ‘अगं, शंभरच मिली तर आहे.’ बाबा, ते शंभर मिली परत काढायचं तर तेल एकदा बदलून भागत नाही. चेंबरचा बोल्ट सोडला तरी बहुतेक गिअरबॉक्समधलं निम्म्याहून जास्त तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि नळ्यांत तसंच राहतं.

आता आयुष्यभराचं तेल. ही अफवा थेट हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. काही गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचं तेल बदलायचा रकानाच नसतो आणि विक्रेतेही ‘सीलबंद आहे’ म्हणून हात झटकतात. पण आयुष्य कुणाचं? झेडएफ ही जर्मन कंपनी बड्या बड्या ब्रँडना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देते. त्यातल्या काही गाड्या विकताना तेल आयुष्यभराचं म्हणून सांगितलं जात आलंय. आणि खुद्द झेडएफ काय सांगते? वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला, उशिरात उशिरा आठ वर्षांनी. गिअरबॉक्स बनवणाऱ्यानंच असं म्हटल्यावर फॉरवर्डवाल्याचं ऐकायचं कशाला? बाबांची गाडी २०१२ ची, १,१२,००० किलोमीटर झालेली, आणि आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बिलांत गिअरबॉक्सच्या तेलाचं एकही बिल नाही. म्हणजे वर्षांच्या हिशोबानं वेळ कधीच होऊन गेलेली, आणि किलोमीटरच्या हिशोबानंही आलेली.

आणखी एक. फोक्सवॅगननं नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यांच्या सात गिअरच्या डीएसजी (दोन क्लचवाल्या) गिअरबॉक्ससाठी. कशासाठी? सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायला. तेल बदलल्यानं गिअरबॉक्स जात असता तर कंपनीनं स्वतःच १६ लाख गिअरबॉक्स मारायला घेतले म्हणायचे.

तरी यात एक अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं देते. लाखभर किलोमीटर हात न लावलेल्या, आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्सला मशीन लावून दाबानं फ्लश केलं आणि आठवड्यात गाडी उभी राहिली, असं खरंच घडतं. ते तेलाचं पाप नसतं, चकत्या आधीच संपलेल्या असतात. म्हणून जुन्या गाडीत फ्लश नको. चेंबर उतरवून जेवढं निघेल तेवढं काढायचं, फिल्टर बदलायचा, तेवढंच भरायचं, आणि काही दिवस चालवून पुन्हा एकदा तसंच. तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच. सीव्हीटीत, म्हणजे पट्टा-पुलीवाल्या गिअरबॉक्समध्ये, सीव्हीटीचंच.

‘दुरुस्त होतच नाही’ या मुद्द्यावर मला खरं तर हसू येतं, पण बाबा त्यावरूनच भंगारवाल्याशी बोलून आले होते. पहिली गोष्ट, ऑटोमॅटिक म्हणजे एकच यंत्र नव्हे. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर जी एएमटी आली ती म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. टॉर्क कन्व्हर्टरचा वेगळा, सीव्हीटीचा पट्टा-पुलीवाला वेगळा, दोन क्लचवाला आणखी वेगळा. प्रत्येकाचे आजार वेगळे, खर्च वेगळे. दुसरी गोष्ट, गिअरबॉक्स ‘गेला’ हे निदान नव्हे.

मी शनिवारी कऱ्हाडला गेले आणि त्या गॅरेजनं दिलेला स्कॅनरचा कागद मागितला. त्यावर ठळक पी०७०० होतं. हा कोड म्हणजे बिघाड नाही. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, ‘माझ्याकडे काहीतरी नोंद आहे, दिवा लाव,’ एवढाच त्याचा अर्थ. नोंद काय आहे ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन वाचावं लागतं. तिथवर कुणी गेलंच नव्हतं. दारावरची बेल वाजली म्हणून घर पाडायला निघाले होते.

पुण्यात ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली, फ्लॅटबेड ट्रकवर चढवून. त्यांनी आधी बॅटरी तपासली, कारण व्होल्टेज पडलं की हे कॉम्प्युटर वाट्टेल ते कोड टाकतात. मग आतला कोड वाचला : पी०७५०, म्हणजे एका शिफ्ट सोलेनॉइडचा (गिअर बदलायला तेलाची वाट उघडणारी-मिटणारी विजेची झडप). मग तेल मोजायची पट्टी काढून तेल पाहिलं. पातळी खूण सोडून बोटभर खाली, रंग काळपट तपकिरी, पण जळका वास नव्हता. कूलरच्या नळीची क्लिप सैल होती, तिथून महिनोन् महिने थेंब थेंब गेलेलं. चेंबर उतरवल्यावर त्यांनी मला आतला लोहचुंबक दाखवला. त्यावर करड्या रंगाची, काजळासारखी मऊ पेस्ट होती. बोटांनी चोळून म्हणाले, ‘ताई, ही असतेच. टोचणारा कीस निघाला असता तर मी तुम्हाला दुसरा आकडा सांगितला असता.’

बिल असं झालं : सोलेनॉइड ९,२००, दोन वेळचं तेल ६,४००, फिल्टर आणि गॅस्केट ३,१००, नळी १,१००, मजुरी ६,०००. एकूण २५,८०० रुपये.

प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही. चकत्या जळल्या असत्या तर गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागला असता आणि खर्च कितीतरी पट झाला असता. मुंबईत कुर्ल्याहून कट गाडीचा, म्हणजे मोडून सुटी करून विकलेल्या गाडीचा, गिअरबॉक्स आणणं हा तिसरा मार्ग आहे, पण तो बसवणाऱ्यानं लेखी हमी दिली तरच. नाहीतर एकाच्या घरचं दुखणं पैसे देऊन आपल्या घरी आणण्यासारखं.

घाटात न्यूट्रल. यावर शांतपणे लिहिणं मला जमणार नाही. बाबा महिन्यातून एकदा खंबाटकी घाटातून पुण्याला येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनानं कितीतरी गाड्यांना उडवलं, तेव्हा चालकानं उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढं आलं होतं. इंजिनाची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. बरं, पेट्रोल तरी वाचतं का? आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधन जवळपास बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. उतारावर २ किंवा एल (लो, खालचा गिअर) मध्ये टाका. तो अक्षराचा खाचा त्यासाठीच दिलाय.

टोचनचंही तेच अज्ञान. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग तेलावाचून घासतायत. ओढणारी चाकं उचलून किंवा फ्लॅटबेडवरच न्या. तुमच्या गाडीला नेमकं काय चालतं ते पुस्तिकेतल्या टोइंगच्या पानावर असतं. ते पान काढून बघायला दोन मिनिटं लागतात.

इन्शुरन्सवाल्याला खोटं सांगा, हा सल्ला देणाऱ्याला लाज वाटायला हवी. यांत्रिक बिघाड आणि झीज नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाही. दगड खरोखरच लागून चेंबर फुटला असेल तर तो अपघात, तिथं दावा करा, जरूर करा. पण खालून दगड लागलेला चेंबर कसा दिसतो हे सर्व्हेअरला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

राहिलं भंगार. पंधरा वर्षांनी सरकार गाडी नेतं, हे महाराष्ट्रातल्या खासगी गाडीसाठी खोटं आहे. फिटनेसमध्ये पास झाली तर पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली, वर पर्यावरण कर, एवढंच. दहा-पंधरा वर्षांची बंदी दिल्लीकडची आहे, ती ऐकून कऱ्हाडला घाबरायचं कारण नाही. निम्म्या किमतीचा नियमही उलटा लावलेला. भंगारवाला बाबांना ४०,००० देत होता. त्या पैशांत दुसरी ऑटोमॅटिक येत नाही. अडीच-तीन लाख टाकून जी येईल तिच्या गिअरबॉक्सचं तेल कुणी कधी बदललंय, ते तरी कुणाला ठाऊक? फ्लोअर गंजून पत्रा हाताला येत असेल, इंजिन तेल पीत असेल, तर मात्र गिअरबॉक्सवर पैसे घालू नका. तेवढ्यापुरता तो मेसेज बरोबर आहे.

गाडी आता बाबांकडे आहे. तिसऱ्या गिअरचं अडकणं गेलं. सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्सला अजून एक हिसका बसतो. मिस्त्री म्हणालेत, हजारेक किलोमीटर चालवून पुन्हा आणा, तेव्हा व्हॉल्व बॉडी (तेलाचा दाब वाटून देणारा भाग) बघू. बाटलीचं सील फोडलेलं नव्हतं, ती मी पिशवीत घालून पुण्याला घेऊन आले.