दाखल्यावर सुरुंग लिहीत नाहीत

2025 च्या सप्टेंबरात मामीचा फोन आला. "बँकेनं पेन्शन कापलीय बघ. निम्म्यावर आणलीय." मी बँकेतून निवृत्त झालेला, त्यात शेवटची सहा वर्षं पेन्शनच्या टेबलावर बसलेला, त्यामुळे गणगोतातलं प्रत्येक पासबुक शेवटी माझ्यासमोर येतं. तिला म्हटलं, आता बँक काही कापत नाही, सैन्याची पेन्शन 'स्पर्श' या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट जमा होते, बघतो. फोन ठेवल्यावर मनात तारीख मोजली आणि कळलं की घोळ काहीच नाही. मामा जाऊन त्या ऑगस्टात 7 वर्षं झाली होती.

निवृत्त सैनिक वारला की त्याच्या बायकोला पहिली 7 वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोवर, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत, वाढीव दराने कुटुंब पेन्शन मिळते. त्यानंतर ती 30 टक्क्यांवर येते. नियमानुसार झालं होतं सगळं. मामीला हे फोनवर समजावून सांगताना माझीच जीभ जड झाली.

हिशेब मामाच्या खऱ्या आकड्यांत मांडत नाही, सोपा आकडा घेतो. समजा शेवटचा पगार 40,000. युद्धात जखमी होऊन शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि त्यामुळेच सेवेतून बाहेर पडलेल्या जवानाला तो जिवंत असेपर्यंत 20,000 सेवेचे आणि 40,000 वॉर इंज्युरीचे, असे 60,000 आणि वर महागाई. तो गेला त्या दिवशी वॉर इंज्युरीचा भाग संपतो. बायकोच्या हातात 20,000 येतात. 7 वर्षांनी 12,000. घर तेच, आणि ज्या बाईने तोवर त्याची सगळी सेवा केली ती आता साठीकडे आलेली.

मामा पायदळात हवालदार. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी सैन्य सीमेवर गेलं, तेव्हा त्याची पलटण राजस्थानात होती. युद्ध झालंच नाही, हे आपण सगळे जाणतो. पण मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले, मग ते काढले गेले, आणि त्यात माणसं गेली. 2002 मध्ये मामाच्या बाजूला एक फुटला. तो फेकला गेला तो पाठीवर. कमरेखालचं सगळं गेलं. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये काही महिने काढले, तिथल्या लोकांनी त्याला खुर्चीवर बसायला आणि पुन्हा हसायला शिकवलं, हे मी कधी विसरणार नाही. मग घरी. शिरोळ तालुक्यात, नदीकाठी.

मणका तुटलेला माणूस कसा जगतो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पुढचं कळायचं नाही, म्हणून लिहितो. लघवीवर ताबा नसतो. नळी घालावी लागते, बदलावी लागते. कितीही स्वच्छता ठेवा, जंतू चढतातच. ताप येतो, अँटिबायोटिक, पुन्हा ताप. वर्षानुवर्षं हे चाललं की मूत्रपिंडं खराब होतात. दुसरीकडे, अंगाला जाणीव नसल्यामुळे एकाच जागी बसून कातडी फाटते, जखम हाडापर्यंत जाते, कळतही नाही. मामी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायची. रात्रीसुद्धा, गजर लावून. 16 वर्षं. आमच्या घरात कोणी तिला नर्स म्हटलं की ती चिडायची. "नर्सची ड्यूटी बदलती," म्हणायची.

ऑगस्ट 2018 मध्ये मामा गेला. ताप चढला, जवळच्या शहरात एका खासगी दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी संपलं.

दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टर एक फॉर्म भरतात, फॉर्म 4. त्यात मृत्यूचं कारण एका ओळीत लिहायचं नसतं. पहिल्या ओळीत तात्काळ कारण, तिच्याखाली ते कशामुळे झालं, आणि त्याखाली ते तरी मुळात कशामुळे. म्हणजे कागद बनवणाऱ्याने साखळी बरोबर ओळखली होती. मामाच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत रक्तात जंतुसंसर्ग. दुसरीत मूत्रपिंड निकामी. तिसरी ओळ कोरी. डॉक्टरने मामाला आयुष्यात तीन दिवस पाहिलं होतं, त्याला दोष देत नाही मी. पण त्या कोऱ्या ओळीत '2002 ची मणक्याची युद्धजखम' एवढे शब्द असते तर मामीचं आयुष्य वेगळं असतं. ग्रामपंचायतीतून किंवा पालिकेतून आपल्याला जो मृत्यूचा दाखला मिळतो त्यावर तर कारणच छापलेलं नसतं, त्यामुळे तेव्हा घरच्यांना त्या कोऱ्या ओळीचा पत्ताही लागायचा नाही. आम्हाला लागला तो दीड वर्षाने, मृत्यू युद्धजखमेमुळे धरून पेन्शन द्या असा मामीचा अर्ज परत आल्यावर.

आता नियम. लोकांना वाटतं जवान गेला की बायकोला 'पूर्ण पगार' मिळतो. मिळतो, पण तीनपैकी एकाच प्रकारात. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्राने मृत्यू आणि अपंगत्वाचे ए ते ई असे पाच वर्ग पाडले. सेवेशी संबंध नसलेलं आजारपण म्हणजे ए, त्याला ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन, शेवटी 30 टक्के. बी आणि सी म्हणजे सेवेमुळे जडलेला आजार, ड्यूटीवरचा अपघात वगैरे. त्याला स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के. डी आणि ई मध्ये दहशतवादी हल्ला, शत्रूची कारवाई, सीमेवरची चकमक. सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोटसुद्धा ई मध्येच येतो, तसं शब्दशः लिहिलेलं आहे. त्याला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे पगाराच्या 100 टक्के. हा प्रकार 1971 च्या युद्धानंतर, 1972 मध्ये सुरू झाला. अविवाहित जवान असा गेला तर आईवडील दोघे असताना त्या रकमेच्या 75 टक्के, एकच असेल तर 60. ते किती गरजू आहेत हे विचारत नाहीत, हे चांगलं आहे.

मामा त्या सुरुंगाने जागीच गेला असता तर मामीला 100 टक्के मिळाले असते, वादच नव्हता. तो 16 वर्षांनी गेला.

सैन्याच्या पेन्शन नियमावलीत सेवेतल्या जखमेनं आलेल्या मृत्यूबद्दल जुनं वाक्य आहे. मृत्यू जखमेमुळे आला असला पाहिजे, किंवा जखमेमुळे लवकर आला असला पाहिजे. त्या 'किंवा'नंतरचा भाग मला फार आवडतो. ज्याने लिहिला त्याने खाटेवर पडलेला माणूस पाहिला असणार. पण आम्हाला एका कार्यालयातून जे उत्तर आलं त्यात 'लवकर'चा उल्लेखच नाही. दोन ओळी. मृत्यू मूत्रपिंडाच्या आजाराने झाला, युद्धजखमेशी संबंध सिद्ध होत नाही. सिद्ध कोणी करायचा? सातवी शिकलेल्या बाईने.

इथे माझे एक निवृत्त सुभेदार मित्र मला अडवतात. त्यांचं म्हणणं, युद्धजखमी माणूस वीस वर्षांनी मोटरसायकलवरून पडून मेला तर त्याच्या बायकोला लिबरलाइज्ड द्यायची का? आणि मग लढताना गेलेल्याच्या बायकोत आणि तिच्यात फरक काय राहिला? प्रश्न खोटा नाही. वर्ग असावेत असं मलाही वाटतं. मोटरसायकलवाल्याचं कारण तपासा, जरूर तपासा. पण मणका तुटलेल्या माणसाचं मूत्रपिंड जाणं किंवा त्याच्या पाठीच्या जखमेतून विष पसरणं म्हणजे मोटरसायकल नव्हे. कुठल्याही पॅराप्लेजिक वॉर्डातल्या डॉक्टरला विचारा, ती त्या जखमेचीच पुढची पायरी आहे. अशा ठराविक गुंतागुंतींची यादी करा, आणि यादीतल्या कारणाने मृत्यू आला तर तो जखमेमुळेच असं धरून चाला. नाही म्हणायचं असेल तर सरकारने कारण दाखवावं. माझी मागणी एवढीच आहे, आणि तिच्यात नवं काही नाही. अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय की भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता आणि आजाराची नोंद नव्हती, तर तो आजार सेवेमुळे आला असं मानायचं, उलट सिद्ध करायचं ओझं सैनिकावर टाकायचं नाही. जिवंत सैनिकाला जो संशयाचा फायदा मिळतो तो त्याच्या विधवेपर्यंत पोचता पोचता कुठे गळतो, कोण जाणे.

आणि हे फक्त खाटेवर गेलेल्यांचं नाही. 2013 च्या जानेवारीत नियंत्रण रेषेवर गस्तीवर असलेल्या एका जवानाला कडाक्याच्या थंडीत श्वास लागला आणि तो गेला. आधी नोंद झाली बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला बळी. मग ती बदलून फिजिकल कॅज्युअल्टी केली, म्हणजे इतर कारणाने गेलेला. दोन शब्दांतला एक बदलला आणि बायकोचा पेन्शनचा हक्क 100 वरून 60 टक्क्यांवर आला. तिने सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाद मागितली, 2019 मध्ये जिंकली. केंद्र सरकार तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने अपील फेटाळलं, या बाईला इथपर्यंत ओढायलाच नको होतं असं सुनावलं आणि वर 50,000 रुपये खर्च द्यायला लावला. जवान जाऊन तोवर जवळपास 12 वर्षं झाली होती. गावात फ्लेक्स लागतो त्यावर 'शहीद' असतं. सैन्याच्या कागदोपत्री तो शब्दच नाही, संसदेतही सरकारने हे अनेकदा सांगितलंय. तिथे फक्त बॅटल की फिजिकल.

मामीचं अजून एक सांगतो. सैन्याच्या रेकॉर्डला तिचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्नात तांदळावर नवं नाव लिहायची हौस, त्याची किंमत अशी मोजावी लागते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, पुन्हा प्रतिज्ञापत्र. पेन्शनच्या टेबलावर असताना मी अशी निदान पन्नास प्रकरणं पाहिली असतील. ज्यांच्या घरात कोणी सैन्यात आहे त्यांनी आज संध्याकाळीच नाव, स्पेलिंग, जन्मतारीख ताडून बघा. माणूस जिवंत असताना ते काम दोन सह्यांचं असतं.

नियम माणसांसारखेच हळूहळू शहाणे होतात, तेही मान्य करतो. शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुनर्विवाह केला तर बंद व्हायचा, अपवाद एकच, तिने दिराशी लग्न केलं तर. हो, दिराशी. ती अट नोव्हेंबर 2017 मध्ये काढली. वाढीव दराच्या कुटुंब पेन्शनसाठी सलग 7 वर्षं सेवा लागायची, ती अट ऑक्टोबर 2019 पासून गेली. उलट दिशेनेही एक पाऊल पडलंय. 2022 पासून भरती होणारा अग्निवीर ड्यूटीवर गेला तर 48 लाखांचा विमा, 44 लाख सानुग्रह, आणखी काही रकमा, पण कुटुंब पेन्शन नाही. एकरकमी पैसा गावात कसा संपतो हे बँकेत बसून मी जितकं पाहिलंय तितकं पाहिल्यावर या विषयावर शांतपणे बोलणं मला जमत नाही, म्हणून इथेच थांबतो. त्यावर वेगळी पोस्ट.

मामीचं अपील आता पुन्हा करायचं ठरलंय. वकील म्हणाले, 2002 पासूनचा प्रत्येक ताप, प्रत्येक भरती, नळी बदलल्याची प्रत्येक चिठ्ठी आणा, साखळी जुळली पाहिजे. मामीकडे ते सगळं होतं, पत्र्याच्या ट्रंकेत, वर्षाप्रमाणे सुतळीने बांधलेलं. ऑगस्ट 2019 चा महापूर त्या ट्रंकेतही शिरला. पाणी ओसरल्यावर तिने अंगणात दोऱ्या बांधल्या आणि एकेक कागद कपड्याच्या चिमट्याने वाळत घातला. शाई पसरलेली, पण बहुतेक वाचता येतात. परवा आम्ही दोघं ते लावत बसलो होतो. 2011 ची गड्डी सापडली नाही. त्या वर्षी मामा दोनदा भरती होता. मामीला तारखा तोंडपाठ आहेत, वार सुद्धा. मी वकिलांना फोन करून विचारलं, तोंडी चालेल का. ते म्हणाले, दवाखान्याच्या रजिस्टरचा उतारा मिळतोय का बघा. सोमवारी जाणार आहोत.