आधी फ्रिजमध्ये जागा करा

घरात कोणाच्या अंगावर गाठ सापडली, तर पहिलं काम म्हणजे गप्प बसणं. मे महिन्यात सापडली असेल तर जूनमध्ये पाऊस लागतो, शाळा सुरू होतात. जुलैत नातवंडांना ताप येतो. श्रावणात उपास असतात. मग चवथच तोंडावर येते: गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्या, मुंबईहून यायची माणसं. गाठ कुठे पळून जाते? आणि दुखत नाही ना? मग साधीच असणार. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, असं डॉक्टर सांगतात खरं. पण डॉक्टरांचं काय घेऊन बसलात, त्यांना सांगायचेच पैसे मिळतात.

आमच्या वहिनींनी हे सगळं तंतोतंत पाळलं. त्यामुळे पुढचं मी अधिकाराने लिहिते आहे.

डॉक्टर निवडायचा तो ओळखीचा. एवढं एक लक्षात ठेवलंत तर बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. ओळख कशी का असेना. मुलीच्या नणंदेचा दीर त्यांच्याकडे कंपाउंडर होता, एवढ्यावरही भागतं. आमच्या भावोजींचा तर थेट वर्गमित्रच निघाला. स्वतःचं आठ खाटांचं हॉस्पिटल. हर्निया, मूळव्याध, अपेंडिक्स, सगळं एकाच टेबलावर. माणूस सोन्यासारखा, फी घेताना लाजतो, रात्री दोन वाजता फोन उचलतो. अशा माणसाला ‘तुम्ही महिन्याला स्तनाच्या कॅन्सरची किती ऑपरेशनं करता?’ असं विचारणं शोभतं का? आपण नाही विचारलं. वाईट वाटलं असतं त्यांना.

ओळखीचं कोणीच नसेल तर देवळात जाऊन कौल लावा. उजवी पाकळी पडली तर बेळगाव, डावी पडली तर मुंबई. (देवाला मी काही म्हणत नाही. त्याला बिचाऱ्याला कोणी एमसीएच म्हणजे काय ते सांगितलेलं नसतं.)

पाटीवरची अक्षरं मोजावीत, वाचू नयेत. जितकी जास्त, तितका डॉक्टर मोठा. कारण वाचायला गेलात की घोटाळे सुरू होतात. कॅन्सरचं ऑपरेशन करणारा सर्जन वेगळा, तो सर्जिकल ऑन्कोलॉजीत एमसीएच किंवा तशाच पदवीचा असतो. केमो देणारा वेगळा, तो मेडिकल ऑन्कोलॉजीचा डीएम. किरणं देणारा आणखी तिसरा. आणि हे तिघे, सोबत पॅथॉलॉजीवाला आणि स्कॅन वाचणारा, असे एका खोलीत बसून एकेका पेशंटवर चर्चा करतात आणि आधी काय करायचं, नंतर काय, ते ठरवतात. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. आता बघा, आपल्या घरच्या आजारावर पाच परके लोक वाद घालणार! त्यापेक्षा एकच डॉक्टर, एकच मत, आणि तेही फोनवर: ‘पाठव रे, काढून टाकू.’

हायवेवरच्या होर्डिंगवर डॉक्टर हाताची घडी घालून हसत असेल तर तो चांगलाच.

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, अजिबात जाऊ नका. तिथे रांग असते. १८४२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या एस्कोला मेडिकापासून चालत आलेली संस्था असली म्हणून काय झालं? बांबोळीला उन्हात केसपेपर काढायला उभं राहायचं आणि नेमका वाड्यावरचा कोणीतरी भेटून विचारायचा, ‘काय गो, कोणाला काय झालं?’ छे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही कपाटातच असू द्या. २०१६ पासून सरकार तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत उपचार देतं, पण आपल्या घराण्यात कोणी फुकटचं घेतलेलं नाही. बांगड्या मोडू, पण कार्ड काढणार नाही.

लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट जोरदार असतं. कोण म्हणतं ते विचारू नका, फॉरवर्ड करा.

पेशंटला काही सांगू नका. हे फार महत्त्वाचं. वाड्यावर सगळ्यांना माहीत हवं, देवळाच्या कमिटीला हवं, पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला हवं. फक्त जिच्या अंगात गाठ आहे तिला कळता कामा नये. तिच्यासमोर ‘इन्फेक्शन’ म्हणायचं, आणि ती खोलीत आली की सगळ्यांनी एकदम पावसाबद्दल बोलायला लागायचं. ती बाई पंचवीस वर्षं एकहाती घर चालवते आहे, तिला काय कळणार!

आता बायोप्सी. बायोप्सी करायची नाही म्हणजे नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो. हे आपल्या आजीला माहीत होतं, शेजारणीला माहीत आहे, भावोजींना तर शंभर टक्के माहीत आहे. जगभर हजारो डॉक्टर रोज आधी सुईने तुकडा काढतात, तो तपासतात आणि मगच पुढचं ठरवतात, ते सगळे येडे. तुकडा तपासला की कळतं गाठ कॅन्सरची आहे की नाही. कॅन्सरची असेल तर ती हार्मोनवर वाढणारी आहे की हर-टू नावाच्या प्रोटीनवाली आहे हे कळतं, म्हणजे औषध कुठलं ते कळतं. कधी आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. मग पुष्कळदा स्तन काढावाही लागत नाही. पण हे सगळं आधी कळलं तर! आपण काय केलं? आपण म्हटलं, सुई नको, सबंधच काढा. सुई टोचली तर पसरतो, आणि सुरी घातली तर पसरत नाही! कुठल्या शाळेत शिकलो आपण हे?

तर चवथीच्या दोन दिवस आधी गाठ काढली. ‘सणाआधी मोकळी करतो वहिनींना,’ असे त्या सोन्यासारख्या माणसाचे शब्द. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. निघताना काउंटरवरून एक बाटली हातात दिली. आत गाठ. ‘पणजीला लॅबमध्ये देऊन या, घाई नाही.’ घाई नाही! काढलेला तुकडा लगेच फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा असतो, १० टक्क्यांच्या, आणि तोही तुकड्याच्या दहापट, हे मला आता पाठ झालं आहे. त्या बाटलीत सलाईन होतं. साधं, मिठाचं पाणी. त्या दिवशी पणजीला जाणार कोण? दादा मूर्ती आणायला गेला होता. लॅबला फोन केला तर ते म्हणाले, आता सणानंतर. आमचा गणपती पाच दिवसांचा. ते पाच दिवस ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये होती, पातोळ्यांच्या डब्याशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळून, पोरांना दिसू नये म्हणून. आरती चालली होती, घुमट वाजत होतं, आणि आत फ्रिजमध्ये माझ्या वहिनीचं निदान नासत होतं.

सहाव्या दिवशी लॅबमधल्या पोराने झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. ‘मॅडम, हे कशात ठेवलंय?’ रिपोर्ट आला: पेशी नासल्या आहेत, मत देता येत नाही.

चार महिने अंगात होती तेव्हा कोणी बघितली नाही, आणि बाहेर काढल्यावर कोणाला बघता आली नाही.

कागद जपून ठेवू नका, त्याने घरात पसारा होतो.

दुसरं मत घ्यायला मुंबईला जायचं तर ओळख लागते, असंही भावोजी म्हणाले. परळच्या टाटा हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. आपल्या गोव्याचा माणूस, त्याच हॉस्पिटलातला नावाजलेला कॅन्सर सर्जन. ओळखच हवी असेल तर एवढी पुरे की! १९४१ पासून ते हॉस्पिटल उभं आहे. रोज देशभरातून माणसं तिथे येतात, कोणाला बिहारी येतं, कोणाला बंगाली, ओळख कोणाचीच नसते. रांगेत उभी राहतात आणि कार्ड काढतात. आम्हीही काढलं.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने एकामागून एक विचारलं. बायोप्सी? नाही. मॅमोग्राफी? नाही. तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक आहे? नाही. स्लाईड? नाही. बरं, गाठ किती सेंटिमीटरची होती? मी डिस्चार्जचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, ‘लिंबाएवढी’.

तिने तो कागद दोनदा वाचला. कुठलं लिंबू हो? कागदी? ईडलिंबू? की माटोळीला बांधतात ते तोरिंग? दोन सेंटिमीटरच्या आत असली तर एक पायरी, दोन ते पाच असली तर दुसरी, पाचच्या वर तिसरी. त्यावर पुढचं सगळं अवलंबून. आणि आमच्याकडे लिंबू!

ती आमच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिने काख तपासली. तिथे अजून एक बारीक गाठ होती, जी कोणी हात लावून बघितलीच नव्हती. त्या गाठीची सुईने बायोप्सी केली. हो, तीच सुई. जागा बधिर केली, तुकडा घेतला, पट्टी लावली. दहा मिनिटं. वहिनी बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, ‘एवढंच?’

एवढंच होतं, वहिनी. मे महिन्यात एवढंच होतं.

आता मला थट्टा जमत नाही. राग येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण बांगडा घेताना कल्ले उघडून लाल आहेत का बघतो. इसवण घेताना बोट दाबून बघतो, दोन कोळणींशी भांडतो, तिसरीकडे जातो. आणि माणसाच्या छातीवर सुरी चालवायची तर एका फोनवर? लाज वाटते मला. भावोजी, तुमचा मित्र चांगला आहे, मान्य. चांगल्या माणसाने सांगायला हवं होतं की हे माझं काम नाही, बांबोळीला जा. त्यांनी नाही सांगितलं, कारण तुम्हाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. आणि तुम्ही फोन लावलात कारण घरात सगळे तुमच्याकडे बघत होते आणि ‘मला माहीत नाही’ एवढं वाक्य तुम्हाला जन्मात कधी म्हणता आलेलं नाही. दादा, तू तर आजवर एक कागद वाचला नाहीस. आणि ती बाटली फ्रिजमध्ये ठेवणारी मी. मीच. मासे टिकतात तसं टिकेल असं वाटलं मला. बाटलीत काय आहे हे एकदा, फक्त एकदा, फोन करून विचारलं नाही. पदवीधर आहे मी.

आणि तुम्ही, हे वाचून मान हलवणारे, तुम्ही तरी कोण लागून गेलात? तुमच्या घरात कोणाला गाठ असेल तर हे बाजूला ठेवा आणि तिला घेऊन जा. ऑपरेशनच्या आधी बायोप्सी मागा. काढलेलं काहीही फॉर्मेलिनमध्ये आहे ना ते तोंडाने विचारा. ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या. डॉक्टरला विचारा की तुम्ही अशी किती ऑपरेशनं करता, आणि केस ट्यूमर बोर्डात ठेवणार का. वाईट वाटलं त्याला तर वाटू दे. मुंबईतच सगळं करावं लागतं असंही नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे, त्यात देशभरातली शेकडो केंद्रं आहेत. आराखडा एकीकडे ठरवून केमो घराजवळ घेता येतो का, हे तिथल्याच डॉक्टरला विचारता येतं. जावंच लागलं तर रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत देते, सोबत्याला ७५ टक्के. फॉर्मवर हॉस्पिटलचा शिक्का लागतो. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. हे सगळं आहे. आधीपासून आहे. आम्ही कोणाला विचारलं नाही.

परवा थिवीहून कोकणकन्या आहे. काखेतल्या तुकड्याचा रिपोर्ट आला आहे, आणि तो वहिनींना आम्ही नाही, त्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितला. तेव्हापासून फाईल वहिनींकडेच आहे. उशाशी घेऊन झोपतात, कोणाच्या हातात देत नाहीत.

काल भावोजींचा फोन आला होता. मुंबईत त्यांच्या ओळखीचं कोणीतरी आहे म्हणे. मी उठायच्या आधीच वहिनींनी फोन घेतला. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, ‘नको, भावोजी.’